शिबिराचं बोलावणं आलंय, पण पैसे भरण्याआधी एवढं विचारा

प्रश्न : मी २३ वर्षांची आहे आणि चार वर्षांपासून आमच्या मंडळीच्या संडे स्कूलमध्ये शिकवते. ओळखीच्या एका सेवकांमार्फत अमेरिकेतल्या एका ख्रिस्ती बालशिबिरात उन्हाळ्याचे नऊ आठवडे स्वयंसेविका म्हणून येण्याचं आमंत्रण मिळालं आहे. राहण्या-जेवण्याची सोय त्यांची, विमानभाडं माझं. ‘टुरिस्ट व्हिसावर या, सोपं पडतं,’ असं ते म्हणतात. नोंदणीचे ५०० डॉलर त्यांनी एका व्यक्तीच्या खात्यात भरायला सांगितले आहेत. आईवडील घाबरलेत. मला मात्र हे प्रभूचं पाचारण वाटतं. मुलांसाठी किती पाठ तयार करून नेऊ? इंग्रजीतून वचन कसं शिकवू? आणि घरच्यांची समजूत कशी काढू?

उत्तर : आधी त्या ५०० डॉलरबद्दल. ते भरू नका. संस्था नोंदणी फी घेऊ शकते, पण ती संस्थेच्या नावावरच्या खात्यात, पावती देऊन आणि त्या रकमेत काय काय येतं ते लेखी कळवून. एखाद्या व्यक्तीच्या खात्यात पैसे मागितले गेले, तर मागणारा कितीही परिचयाचा आणि प्रार्थनाशील असला तरी नाही म्हणा. संस्था खरी आहे का हे घरबसल्या पाहता येतं. अमेरिकेच्या आयकर खात्याच्या, म्हणजे आयआरएसच्या संकेतस्थळावर करमुक्त संस्था शोधण्याची सोय आहे. शिबिराचं पूर्ण नोंदणीकृत नाव मागून घ्या आणि तिथे टाकून बघा. चर्चना या यादीत नाव नोंदवण्याची सक्ती नसते. त्यामुळे शिबिर थेट एखाद्या चर्चचं असेल आणि नाव सापडलं नाही, तर तेवढ्यावरून फसवणूक आहे असं धरू नका. अशा वेळी चर्चच्या कार्यालयात फोन करा आणि अमक्या नावाचे सेवक तुमच्यासाठी स्वयंसेवक निवडतात का, ते विचारा. मात्र फोन नंबर आमंत्रणातला घेऊ नका, स्वतः शोधा.

आता व्हिसा. नऊ आठवडे मुलांच्या केबिनची (म्हणजे मुलं जिथे राहतात-झोपतात त्या खोलीची) जबाबदारी घेणं हे पर्यटन नाही आणि टुरिस्ट व्हिसा त्यासाठी नसतो. ‘सोपं पडतं’ ते बोलावणाऱ्याला. मुलाखतीच्या खिडकीपाशी तुम्हीच उभ्या असाल, आणि तिथे येण्याचं कारण विचारलं जाईल. खरं सांगितलं तर व्हिसा नाकारला जाऊ शकतो. खोटं सांगितलं आणि ते उघड झालं, तर जाणूनबुजून खोटी माहिती दिल्याबद्दल अमेरिकेत येण्यावर आयुष्यभराची बंदी बसू शकते. विमानतळावर फोनमधले शिबिराचे मेसेज पाहून परत पाठवलं जाण्याचा धोका वेगळाच. मुलांना खरेपणा शिकवायला निघालेल्या माणसाला या वाटेनं पाठवू पाहणाऱ्या संस्थेबद्दल तिथेच शंका यायला हवी.

सरळ वाट म्हणजे जे-१ व्हिसाचा, म्हणजे देवाणघेवाण कार्यक्रमांसाठीच्या व्हिसाचा, ‘कॅम्प काउन्सेलर’ हा गट. (काउन्सेलर म्हणजे इथे मानसोपचार करणारा नव्हे. मुलांसोबत केबिनमध्ये राहून त्यांना सांभाळणारा तो काउन्सेलर.) त्यासाठी वय किमान १८ हवं आणि इंग्रजी चांगलं यायला हवं. शिवाय अर्जदार विद्यार्थी, शिक्षक, युवाकार्य करणारा किंवा विशेष कौशल्य असलेला असावा लागतो. चार वर्षं संडे स्कूलमध्ये शिकवल्याचं पाळकांचं तारखांसह पत्र तुम्हाला इथेच कामी येईल. मुक्काम जास्तीत जास्त चार महिन्यांचा. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यानं मान्यता दिलेली एक प्रायोजक संस्था यात लागते. ती तुमची मुलाखत घेते, शिबिराची खात्री करते आणि डीएस-२०१९ नावाचा फॉर्म देते. तो हातात आल्यावर सेविसची, म्हणजे अशा परदेशी पाहुण्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेची, फी भरायची (या गटासाठी ती ३५ डॉलर आहे), मग डीएस-१६० हा ऑनलाइन अर्ज, मग व्हिसाची फी आणि दूतावासातली मुलाखत. हा क्रम उलटा होत नाही. डीएस-२०१९ शिवाय मुलाखतीची तारीख घेऊन ठेवण्यात अर्थ नाही. शिबिर जूनच्या सुरुवातीला असेल, तर ही धावपळ जानेवारीत सुरू व्हायला हवी.

या गटाच्या दोन अटी तुम्हाला माहीत असायलाच हव्यात, कारण त्या तुमच्या बाजूच्या आहेत. पहिली, परदेशी काउन्सेलरला तिथल्या अमेरिकन काउन्सेलरइतकंच मानधन आणि सवलती द्याव्या लागतात. म्हणून ‘तुमच्याकडे अमेरिकन काउन्सेलरना काय मिळतं?’ हे नि:संकोच विचारा. सगळेच बिनपगारी असतील तर गोष्ट वेगळी. त्यांना मानधन आणि तुम्हाला नुसता आशीर्वाद, असं असेल तर ते नियमात बसत नाही. दुसरी अट, या व्हिसावर आणून तुम्हाला स्वयंपाकघरात, भांडी घासायला किंवा कार्यालयात नेमता येत नाही. आपल्या पाळीला ताटं उचलणं वेगळं आणि दिवसभर तेच काम असणं वेगळं.

धार्मिक किंवा धर्मादाय संस्थेच्या स्वयंसेवा कार्यक्रमासाठी बी-१ या, एरवी व्यावसायिक भेटीसाठी असलेल्या व्हिसाचीही एक वाट आहे. पण त्यासाठी संस्था मान्यताप्राप्त हवी, तुमचा तिच्याशी खरा संबंध हवा आणि पगार घ्यायचा नाही, फक्त खर्चाची भरपाई चालते. वस्तू विकणं, देणग्या गोळा करणं चालत नाही. सोबत संस्थेचं पत्र लागतं : तुमचं नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, कायमचा पत्ता, अमेरिकेत प्रथम कुठे उतरणार तो पत्ता आणि सेवेचा कालावधी. तुम्हाला आलेल्या आमंत्रणात यातलं काही दिसत नाही. ‘टुरिस्ट व्हिसा’ म्हणताना त्या सेवकांच्या मनात हेच असेल, तर त्यांना ते स्पष्ट लिहून द्यायला सांगा. हेच बोलावणं ब्रिटनमधून आलं असतं, तरी भेटीच्या व्हिसावर नोंदणीकृत संस्थेसाठी एकूण ३० दिवसांपर्यंतच स्वयंसेवा करता येते, तीही प्रवासाचा मुख्य उद्देश वेगळा असेल तर. फक्त शिबिरासाठी जायचं तर तिथेही प्रायोजकत्वाचं प्रमाणपत्र घेऊन चॅरिटी वर्कर व्हिसा काढावा लागतो.

विमा. जे-१ साठी नियमानं ठरलेली किमान रक्कम अशी : प्रत्येक आजार वा अपघातामागे १ लाख डॉलर, उपचारासाठी मायदेशी हलवण्याचे ५० हजार, मृत्यू झाल्यास पार्थिव परत आणण्याचे २५ हजार, आणि तुमच्या खिशातून जाणारा सुरुवातीचा वाटा एका आजारामागे ५०० डॉलरपेक्षा जास्त नाही. बऱ्याचदा प्रायोजकच विमा देतो. दात आणि आधीचे आजार त्यात सहसा नसतात, म्हणून दातांची कामं जाण्याआधी उरकून घ्या.

पैसे आणि व्हिसा यांच्याइतकंच, किंबहुना जास्त, महत्त्वाचं आहे ते तिथल्या मुलांच्या सुरक्षेचं. शिबिरानं तुमच्याकडे पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र मागितलं का? तुम्हाला मुलांमध्ये काम करताना पाहिलेल्या, नात्यातल्या नसलेल्या दोघातिघांची नावं मागितली का? नसतील मागितली, तर तिथे जाऊ नका. ज्यांनी तुमची चौकशी केली नाही, त्यांनी शेजारच्या केबिनमधल्या माणसाचीही केलेली नाही. चांगलं शिबिर या बाबतीत त्रास वाटावा इतकं काटेकोर असतं. बालसुरक्षेचं लेखी धोरण मागवा आणि त्यात एक गोष्ट शोधा : एक प्रौढ आणि एक मूल बंद दाराआड कधीही एकटे राहणार नाहीत, असं स्पष्ट लिहिलं आहे का? आंघोळ, कपडे बदलणं आणि रात्र यांबद्दल वेगळे नियम आहेत का? मग मुलांमागे माणसं किती, ते विचारा. मुक्कामी शिबिरासाठी अमेरिकन कॅम्प असोसिएशन या शिबिरांना मान्यता देणाऱ्या संघटनेचं प्रमाण असं आहे : ६ ते ८ वर्षांच्या ६ मुलांमागे एक, ९ ते १४ वर्षांच्या ८ मुलांमागे एक आणि १५ ते १८ वर्षांच्या १० मुलांमागे एक. ‘एका केबिनला एक काउन्सेलर, १४ मुली’ असं उत्तर आलं, तर कोणी आजारी पडल्यावर उरलेल्या १३ जणींकडे कोण बघणार?

आता तुमचा खरा प्रश्न, पाठ किती न्यायचे. एकही नेला नाही तरी चालेल. बहुतेक शिबिरांचा अभ्यासक्रम ठरलेला असतो. मुख्य संदेश दुसरंच कोणी देतं आणि काउन्सेलर त्यानंतर आपल्या केबिनच्या मुलांशी गटचर्चा घेतो. मुलं यायच्या आधी साधारण आठवडाभर प्रशिक्षण असतं, तिथे सगळं हातात मिळतं. त्याआधी दोन गोष्टी मागवून घ्या. एक, त्यांचं विश्वासाचं निवेदन. बाप्तिस्मा, पवित्र आत्म्याची दानं, तारणाची खात्री यांवर मंडळ्यामंडळ्यांत फरक असतात. जे तुम्ही मानत नाही त्यावर सही करू नका. दुसरी, ते कोणतं इंग्रजी भाषांतर वापरतात ते. पाठांतराचं वचन मुलं शब्दाला शब्द म्हणतात. तुम्ही किंग जेम्स हे जुन्या इंग्रजीतलं भाषांतर पाठ करून गेलात आणि शिबिर एनआयव्ही (न्यू इंटरनॅशनल व्हर्जन) हे आजच्या इंग्रजीतलं वापरत असेल, तर पहिल्याच दिवशी सगळे अडखळतील.

मराठी पवित्र शास्त्रावर वाढलेल्यांची आणखी एक अडचण आधीच सोडवून ठेवा, ती नावांची. योहान म्हणजे जॉन, मत्तय म्हणजे मॅथ्यू, यशया म्हणजे आयझाया, उत्पत्ती म्हणजे जेनेसिस, निर्गम म्हणजे एक्झोडस. स्तोत्रांना ‘साम्स’ म्हणतात, त्यातला पहिला ‘पी’ उच्चारत नाहीत. ईयोब ‘जोब’ होतो, नोकरीचा ‘जॉब’ नव्हे. सगळ्यात फसवं नाव याकोब. इसहाकाचा मुलगा याकोब इंग्रजीत जेकब असतो, पण याकोबाचं पत्र उघडायचं तर ‘जेम्स’ म्हणावं लागतं. ६६ पुस्तकांची यादी दोन्ही भाषांत समोरासमोर लिहून, मोठ्यानं म्हणून सराव करा. आठवडाभर रोज पंधरा मिनिटं दिलीत तर पुरे. सात ते दहा वर्षांच्या मुलांपुढे बोलण्याची वेळ आलीच, तर दहा-बारा मिनिटं, एक वचन, हातात धरायला एक वस्तू, आणि शेवटी ‘हो-नाही’नं संपणार नाही असा एक प्रश्न.

विश्वासाबद्दल एक गोष्ट कळकळीनं सांगतो. या वयाचं मूल, ज्या ताईवर त्याचा जीव जडलाय तिनं विचारलेल्या कशालाही ‘हो’ म्हणतं. शेकोटी, रात्र, गाणी, दमलेलं शरीर आणि शेजारच्यानं वर केलेला हात, एवढं जमून आलं की ‘येशूला स्वीकारणारे हात वर करा’ याला आलेला होकार नेमका कशाचा, हे त्या मुलालाही सांगता येत नाही. म्हणून हात मोजू नका आणि कुणी मोजायला लावलं तरी त्या आकड्यावर विसंबू नका. मूल स्वतःहून काही विचारायला आलं, तर दुसऱ्या दिवशी उजेडात, इतरांना दिसेल पण ऐकू जाणार नाही अशा जागी बसा आणि ‘तुला काय कळलंय ते तुझ्या शब्दांत सांग’ म्हणा. प्रार्थना करायची तर त्याला विचारून, डोक्यावर हात ठेवायचा तर तेही विचारून. झोपायच्या आधी नरकाचं वर्णन कधीही नको. शिबिरात ख्रिस्ती नसलेल्या घरांतली मुलंही येतात. त्यांच्या पालकांना नोंदणीच्या वेळी काय सांगितलं होतं ते माहीत करून घ्या आणि त्याच्या पलीकडे जाऊ नका. आईबापांपासून लपवून कोणताही निर्णय मुलाकडून घेऊ नये.

यापेक्षा कितीतरी जास्त वेळ तुमचा वेगळ्याच कामात जाणार आहे : मोजण्यात. जागा बदलली की मुलं मोजायची. केबिनमधून निघताना, जेवणघरात पोचल्यावर, तळ्यावर जाताना, येताना. नावं पुकारून नव्हे, डोकी मोजून, कारण मैत्रिणीच्या नावाला दुसरीच ‘हजर’ म्हणते. पाण्यात पहिल्या दिवशी पोहण्याची परीक्षा होते आणि कोण किती खोल जाणार ते ठरतं. मुलांच्या जोड्या लावतात आणि ठरावीक वेळानं शिटी वाजली की जोडीदारानं जोडीदाराचा हात वर धरायचा. जीवरक्षक किनाऱ्यावर आहे म्हणून काउन्सेलरनं गप्पा मारायच्या नसतात. बुडणारं मूल बहुतेक वेळा ओरडत नाही, त्याला श्वासच पुरत नसतो. आकाशात गडगडलं की पाण्यातून आणि मैदानातून आत, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर नाही. मुलांनी कितीही विनवलं तरी नाही.

औषधं, तुमची स्वतःचीसुद्धा, आल्या दिवशी नर्सकडे कुलपात जातात, म्हणून डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी आणि औषधांची मूळ वेष्टनं सोबत ठेवा. केबिनमध्ये कुणाला कशाची ॲलर्जी आहे ते तोंडपाठ हवं. शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी असलेल्या मुलाचं एपिनेफ्रिनचं इंजेक्शन मांडीच्या बाहेरच्या बाजूला कसं द्यायचं, हे प्रशिक्षणात स्वतः हात लावून शिका, नुसतं पाहू नका. दिल्यावर मूल बरं दिसलं तरी ९११ या तिथल्या तातडीच्या मदतीच्या नंबरला फोन करायचाच. उलट्या-जुलाबाची साथ शिबिरात पसरते ती बहुधा नोरोव्हायरसची. त्यावर हाताला लावायचं सॅनिटायझर पुरेसं पडत नाही, साबण आणि वाहतं पाणी हवं. आजारी मुलानं उलट्या-जुलाब पूर्ण थांबल्यानंतर किमान ४८ तास इतरांपासून दूर राहायला हवं.

आणि रात्र. पहिले दोन-तीन दिवस घरची आठवण येऊन रडणारं मूल जवळपास प्रत्येक केबिनमध्ये असतं. ‘रडू नकोस’ म्हणू नका. आठवण येते कारण घर चांगलं आहे, एवढं मान्य करा, पाणी द्या आणि उद्या सकाळी दोघं मिळून काय करणार आहात ते ठरवा. ‘बुधवारपर्यंत राहा, मग घरी फोन करू’ असा सौदा करू नका, कारण मग मूल बुधवारचीच वाट बघत बसतं. अंथरूण ओलं झालं, तर बाकीची मुलं नाश्त्याला गेल्यावर चादर बदला आणि झोपण्याची पिशवी धुवायला द्या. त्याबद्दल त्या मुलाशीही दोन शब्दांपलीकडे बोलू नका. हे तुम्ही नीट केलंत, तर त्या मुलाचा पुढचा सगळा आठवडा वाचतो.

एखादं मूल घरी होणाऱ्या छळाबद्दल बोलू लागलं, तर ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. ऐका, खोदून विचारू नका, त्याचे शब्द जसेच्या तसे वेळेसह लिहून ठेवा आणि त्याच दिवशी बालसुरक्षेच्या जबाबदार व्यक्तीला सांगा. अमेरिकेत अनेक राज्यांत शिबिराच्या कर्मचाऱ्यांवर अशी माहिती सरकारी यंत्रणेला कळवण्याची कायद्यानं सक्ती आहे. शिबिर ज्या राज्यात आहे तिथे फक्त संचालकांना सांगणं पुरतं की स्वतः फोन करावा लागतो, हे पहिल्याच आठवड्यात विचारून ठेवा. शिबिर संपल्यावर मुलांशी समाजमाध्यमांवर मैत्री करायची नाही आणि त्यांचे फोटो टाकायचे नाहीत, मंडळीला अहवाल द्यायचा असला तरीही.

स्वतःकडे लक्ष द्या. आठवड्यात किती तास पूर्ण सुट्टी, तेव्हा झोपायची जागा कुठे, फोन कधी वापरता येतो, हे करारात पाहून घ्या. पाचव्या आठवड्याच्या सुमारास घसा बसतो आणि चिडचिड होते. तेव्हा प्रार्थनेइतकीच झोपही लागते. पासपोर्ट स्वतःजवळ ठेवा. ‘सुरक्षित राहील’ म्हणून कुणी मागितला तर छायाप्रत द्या. गोवर आणि धनुर्वाताच्या लसींची नोंद सोबत हवी. शिबिर जंगलात असेल तर रोज संध्याकाळी गुडघ्यामागे, कमरेला आणि केसांच्या कडेला गोचीड शोधायची. सापडली तर चिमट्यानं कातडीलगत पकडून सरळ वर ओढायची.

आईवडिलांची समजूत काढायला जाऊ नका. त्यांना एक कागद द्या. त्यावर शिबिराचा पत्ता, संचालक आणि प्रायोजक यांचे फोन, विम्याचा क्रमांक, विमानांच्या वेळा आणि दर आठवड्याला तुम्ही कोणत्या वारी, त्यांच्या घड्याळात किती वाजता फोन करणार ते लिहा. परतीचं तिकीट आधी काढा. त्यांची भीती त्या ५०० डॉलर आणि टुरिस्ट व्हिसामुळे असेल, तर ती खरी आहे, असं त्यांना सांगून टाका. तुमचं पाचारण खरं असेलच, पण ते याच शिबिराचं असेल असं नाही. कागद बरोबर असलेल्या दुसऱ्या शिबिरातही मुलं असतातच.

आज त्या सेवकांना न लिहिता थेट शिबिराच्या संचालकांना लिहा. नोंदणीकृत नाव काय, कोणता व्हिसा आणि प्रायोजक कोण, अमेरिकन काउन्सेलरना काय मिळतं, बालसुरक्षेचं धोरण पाठवाल का, माझी पडताळणी कशी कराल, एका केबिनमध्ये मुली किती आणि काउन्सेलर किती, आणि गेल्या वर्षी परदेशातून आलेल्या एखाद्या काउन्सेलरशी मला बोलता येईल का. दोन आठवड्यांत या सगळ्याचं लेखी उत्तर आलं नाही, तर तिकीट काढू नका.